इसब, प्रतिकारशक्ती आणि न थांबणारे निरोप

पत्र थोडक्यात असं : खानापूर तालुक्यातल्या एका आईनं लिहिलंय. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत. तान्ही असताना गालांवर पुरळ आलं, पुढं ते कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत, मनगटांवर, मानेवर पसरलं. रात्री खाजवून रक्त काढते, घरात कुणाची धड झोप होत नाही. बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एटॉपिक प्रकारचा इसब असल्याचं सांगून स्टिरॉइडचं मलम, टॅक्रोलिमसचं मलम आणि कोरडेपणासाठी एक क्रीम लिहून दिलं. मलमांनी फारसा फरक नाही. सासूबाई म्हणतात, ‘रगात बिघडलंय, मलमानं रोग आत दबतो.’ ओळखीतल्या एकांनी ‘पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे’ म्हणून ती वाढवणाऱ्या पुड्या सुरू केल्या, त्यांना दोन महिने झाले. रक्ताच्या ॲलर्जी तपासणीत आलेल्या यादीप्रमाणे अंडं, दूध, शेंगदाणा, वांगं सगळं बंद आहे. पुण्याच्या भाच्यानं ‘सायटोकाइन बंद करणाऱ्या’ इंजेक्शनबद्दल सांगितलं, तेव्हापासून मुलीचे वडील सोसायटीचं कर्ज काढायचं म्हणतायत. आई विचारते : ‘जिची प्रतिकारशक्ती आधीच कमी, तिला ती आणखी दाबणारं औषध कसं द्यायचं? आणि द्यायचंच तर कर्ज काढून सगळ्यात चांगलंच का देऊ नये?’

ताई,

तुमचा सगळा पेच एका वाक्यावर उभा आहे : मुलीची प्रतिकारशक्ती कमी आहे. हे कशावरून ठरलं? तुम्हीच लिहिलंय की तिला कधी न्यूमोनिया झाला नाही, सारखा ताप येत नाही, कान फुटत नाही, आणि पावसाळ्यात घरातले सगळे सर्दीनं पडले तेव्हा तीही बाकीच्यांबरोबरच उठून कामाला, म्हणजे खेळायला लागली. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती खरंच कमी असते त्यांच्या आया अशी पत्रं लिहीत नाहीत, त्यांचा वेळ दवाखान्यात भरती करण्यातच जातो. तुमच्या मुलीच्या कातडीत प्रतिकारशक्तीची एक बाजू गरजेपेक्षा जास्त काम करतेय. ती वाढवायला निघालेल्या पुड्या काय साधणार, हा प्रश्न मी तुम्हाला आधी विचारते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

भाच्यानं सांगितलेला ‘सायटोकाइन’ हा शब्द बरोबर आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते छोट्या प्रथिनांच्या रूपात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना इंटरल्युकिन म्हणून पुढं क्रमांक दिलेला असतो. एका पेशीनं सोडलेलं हे प्रथिन दुसऱ्या पेशीवरच्या ठरावीक जागेवर जाऊन बसलं की त्या पेशीला कळतं, आता सूज आणायची, आता वाढायचं, आता थांबायचं. प्रत्येकाच्या अंगात हे चालू असतंच. त्याशिवाय जखम भरणार नाही, जंतूंशी लढता येणार नाही. इसबात यातले काही निरोप थांबत नाहीत.

सुरुवात बहुधा कातडीच्या सगळ्यात वरच्या थरापासून होते. खानापूरची कौलं तुम्हाला मी काय सांगायची. कौलं सरकली की पावसाचं पाणी आत आणि चुलीची ऊब बाहेर. कातडीच्या वरच्या थराचंही तसंच होतं : आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, परागकण, जंतू आत शिरतात. हा थर घट्ट ठेवणारं एक प्रथिन आहे, फिलॅग्रिन. त्याच्या जनुकात दोष असला की इसबाचा धोका बराच वाढतो, हे २००६ साली सिद्ध झालं. पण सगळ्याच इसबवाल्यांत तो दोष नसतो, आणि गंमत म्हणजे दोष नसला तरी फिलॅग्रिन कमी पडू शकतं. ते कसं, ते आता येतंय.

थर उघडा पडला की कातडीच्या पेशी स्वतःच धोक्याचा निरोप सोडतात. टीएसएलपी आणि इंटरल्युकिन-३३ ही त्यांची नावं. नख लागलं तरी ते सुटतात, खरखरीत कापड घासलं तरी सुटतात. ते ऐकून प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी जाग्या होतात त्या मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढायला असलेल्या. त्या इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ सोडू लागतात. हे दोघे तुमच्या मुलीच्या दुखण्याच्या मध्यावर बसलेत. ते कातडीला फिलॅग्रिन आणि स्निग्ध पदार्थ कमी बनवायला लावतात, म्हणजे आधीच विस्कटलेला थर आणखी विस्कटतो. ते रक्तात आयजीई हे ॲलर्जीत भाग घेणारं प्रथिन वाढवतात. कातडी जंतूंविरुद्ध जी नैसर्गिक द्रव्यं बनवते तीही कमी करतात, म्हणून इसबाच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकोकस हा जंतू सहज ठाण मांडतो, आणि चट्टा अधूनमधून पिकून त्यावर पिवळी खपली धरते. तुम्हाला ते ‘रगात बिघडल्यासारखं’ दिसतं, ते त्यामुळं. रक्त शुद्ध करण्यासारखं त्यात काही नाही.

पाचवा निरोप इंटरल्युकिन-३१. हा थेट कातडीतल्या संवेदना नेणाऱ्या नसांवर जाऊन बसतो आणि खाज सुटते. इंटरल्युकिन-४ आणि १३ त्याच नसांना आणखी हळवं करतात. रात्री तुम्ही तिला जे खाजेचं सिरप देता ते हिस्टामिन नावाच्या वेगळ्याच द्रव्याला अडवतं, आणि इसबाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा फार थोडा आहे. सिरपनं ती झोपते ती गुंगीमुळं. तेव्हा ‘सिरप देऊनही खाजवतेच, सवयच लागलीय, रागावले तरी ऐकत नाही’ असं जे तुम्ही लिहिलंय, तेवढं मनातून काढून टाका. सात वर्षांची पोर नसांना आलेला निरोप मनानं अडवू शकत नाही. मोठ्या माणसांनाही ते जमत नाही. हात धरण्यापेक्षा नखं कापा, रात्री सुती पायमोजे हातांत घाला, आणि खाजेच्या जागी ओला गार कपडा थोडा वेळ ठेवा, मग तो काढून तिथं क्रीम लावा.

खाजवलं की थर फाटतो, थर फाटला की निरोप वाढतो, निरोप वाढला की खाज. हे चक्र तोडायचं तर दोन टोकांनी : थर सांधायचा आणि निरोप शांत करायचे. क्रीम पहिलं काम करतं, मलम दुसरं. स्टिरॉइड मलम एकाच वेळी बऱ्याच निरोपांचं उत्पादन कमी करतं. टॅक्रोलिमस हे कॅल्सिन्युरिन नावाच्या एका प्रथिनाला अडवतं, त्यामुळं निरोप सोडणाऱ्या टी पेशी शांत होतात. दोन्ही कातडीवर लावलेल्या जागी काम करतात. सासूबाईंना सांगा की दबून आत जाण्यासारखं तिथं काही नसतं. सूज कातडीत असते, आणि कातडीतच शमते.

आता ‘मलमांनी फरक नाही’ याबद्दल. तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुनःपुन्हा वाचली : ५० ग्रॅमची क्रीमची ट्यूब चार महिने पुरली. ताई, अशा मुलीला आठवड्याला किमान १०० ग्रॅम क्रीम लागतं. म्हणजे औषध हरलं असं अजून म्हणता येत नाही, ते तिला मिळालेलंच नाही. आणि यात तुमची चूक नाही. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार कन्नडमध्ये ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढं सांगून मोकळा, बाहेर तीस पेशंट ताटकळत. किती लावायचं हे कुणी सांगितलंच नसेल, तर पैसे वाचवायला आणि स्टिरॉइडच्या भीतीनं माणूस हळद लावल्यासारखं बोट टेकवूनच लावणार.

क्रीम महाग पडत असेल तर साधं पांढरं पेट्रोलियम जेली डब्यानं घ्या, स्वस्त पडतं आणि उत्तम काम करतं. शुद्ध खोबरेल तेलही चालतं. राईचं तेल, कडुनिंबाच्या पाल्याचं कढत पाणी, हळदीचा लेप, जंतुनाशक साबण यांनी उघडी कातडी झोंबते, ते बंद. आंघोळ रोज घाला, पण बंबातलं कढत पाणी नको. कढत पाणी अंगावर घेताना खाजेला बरं वाटतं आणि तासाभरात दुपटीनं सुटते. हाताच्या कोपराला कोमट लागेल एवढंच पाणी, पाच-दहा मिनिटं, सौम्य साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच सगळीकडं क्रीम, चट्टे असोत-नसोत. खानापूरच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे मला माहीत आहे. ओलसर, कुबट कपडा तिच्या अंगावर घालू नका, लागलं तर इस्त्रीनं कोरडा करा.

स्टिरॉइड मलमाचं माप असं : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ येते, ती साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम तुमच्या दोन तळहातांएवढ्या जागेला, बोटं धरून, पुरतं. तुमचा तळहात तिच्या चट्ट्यांवर ठेवून मोजा, किती पेरं लागतील ते लगेच कळेल. लालसर, खरखरीत चट्ट्यांवर दिवसातून एकदा, डॉक्टरांनी लिहिलंय तेच, कातडी बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. डोळ्यांना बरं दिसलं म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नका, लाली गेली तरी आत सूज उरलेली असते. बहुधा आठवडा ते दोन आठवडे लागतात. मग ज्या जागी पुन्हापुन्हा येतं तिथं आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवतात, म्हणजे निरोप पुन्हा जोर धरायच्या आत शांत होतात. असं कसं आणि किती काळ, ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवून घ्या आणि घरी मराठीत लिहून भिंतीला लावा, म्हणजे तुम्ही माहेरी गेलात तरी सासूबाईंना वाचता येईल.

स्टिरॉइडची भीती अगदीच खोटी नाही. जालीम स्टिरॉइड महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, चिरा पडतात, चेहऱ्यावर तर नकोच. हे घडतं ते बहुतेक दुकानातून विचारून आणलेल्या, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र केलेल्या ट्यूबांमुळं. २०१८ साली सरकारनं स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं, तरी ती मिळतात. ती घेऊ नका. गोल कडा असलेल्या गजकर्णावर अशी ट्यूब लावली तर ते चिघळतं. आणि घरात इतरांनाही रात्री खाज असेल, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या असतील, तर ते इसब नसून खरूजही असू शकतं, डॉक्टरांना तसं सांगा.

मान आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस दिलंय ते योग्यच आहे, त्यानं कातडी पातळ होत नाही. दोन वर्षांवरच्या मुलांना ०.०३ टक्क्यांचं देतात. पहिले काही दिवस चुरचुरतं, त्यामुळं बऱ्याच आया ते फेकून देतात. ट्यूब थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून लावली तर कमी झोंबतं, आणि आठवडाभरात चुरचुर बहुधा जाते. त्याच्या पाकिटावर कर्करोगाचा इशारा वाचून तुम्ही घाबरलात. तो इशारा २००६ पासून आहे. त्यानंतर हजारो मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि कातडीवर लावलेल्या टॅक्रोलिमसमुळं मुलांत कर्करोग वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

पुड्यांबद्दल मी स्पष्टच लिहिते. ज्यावर काय आहे ते छापलेलं नाही अशी कोणतीही पुडी मुलाला देऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा शिसं-पाऱ्यासारखे धातू सापडल्याच्या नोंदी आहेत. पुडी सुरू केल्यावर तिचा चेहरा गोल-फुगीर झाला असेल, भूक एकदम वाढली असेल, तर ती आज रात्री अचानक बंद करू नका. पुडीसकट तिला डॉक्टरांकडं घेऊन जा, कारण पोटातून जाणारं स्टिरॉइड एकदम तोडलं तर मूल गळून पडू शकतं. तसं काही नसलं, तरीही पुडी त्यांना दाखवा आणि मग थांबवा.

खाण्याच्या यादीनं मला जास्त काळजी वाटली. वाढत्या वयाच्या पोरीचं अंडं, दूध, शेंगदाणा एकाच वेळी बंद, आणि तुम्हीच लिहिलंय की वजन वर्षभर वाढलेलं नाही. त्या तपासणीत आयजीई मोजतात. इंटरल्युकिन-४ मुळं इसबात आयजीई वाढलेलंच असतं, त्यामुळं असा कागद अनेक पदार्थांसमोर ‘पॉझिटिव्ह’ दाखवतो, ज्यातले बरेच मूल आनंदानं खात आलेलं असतं. खऱ्या अन्नाच्या ॲलर्जीत खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. तिला असं कधी झालंय का? नसेल तर हे पदार्थ बाळरोगतज्ज्ञांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली, एकेक करून परत सुरू करा. बरेच महिने बंद ठेवलेला पदार्थ घरी एकदम ताटभर देऊ नका.

याच संदर्भात एक गोष्ट लहान बाळं असलेल्या इतर आयांसाठी. २०१५ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणा नियमित दिला, तेव्हा पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी त्यांच्यात कितीतरी कमी निघाली. पोटातून गेलेलं अन्न प्रतिकारशक्ती सहसा आपलं म्हणून स्वीकारते, फाटक्या कातडीतून शिरलेलं अन्न मात्र शत्रू ठरवते. तेव्हा ‘इसब आहे, खाणं तोडा’ हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा देण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा, आणि अख्खा दाणा लहान बाळाला कधीच नको.

आता इंजेक्शन आणि कर्ज. भाच्यानं सांगितलेलं इंजेक्शन बहुधा ड्युपिल्युमॅब असावं. ते इंटरल्युकिन-४ आणि १३ हे दोघे ज्या जागेवर बसतात ती जागाच अडवतं. अमेरिकेत २०१७ साली मोठ्या माणसांसाठी आणि पुढं २०२२ पर्यंत सहा महिन्यांवरच्या बाळांसाठीही त्याला मंजुरी मिळाली. बाकीची प्रतिकारशक्ती ते फारशी दाबत नाही, डोळे लाल होणं हा नेहमी दिसणारा त्रास. औषध खरंच चांगलं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ते इसब मुळातून घालवत नाही. ते दर काही आठवड्यांनी घेत राहावं लागतं, थांबवलं की बऱ्याच जणांत इसब परत येतो, आणि आपल्याकडं खर्च महिन्याला हजारोंच्या घरात, वर्षानुवर्षं. सोसायटीचं कर्ज ज्याला शेवट आहे अशा गोष्टीसाठी काढावं. शिवाय बऱ्याच मुलांचा इसब वयात येईपर्यंत बराच ओसरतो.

निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या जेनस कायनेज या प्रथिनांना अडवणाऱ्या गोळ्याही आहेत, इंजेक्शनपेक्षा स्वस्त. पण त्या बऱ्याच निरोपांना एकदम अडवतात, देण्याआधी क्षयरोग तपासावा लागतो, रक्त वेळोवेळी बघावं लागतं, आणि गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या असे इशारे त्यांवर आहेत. तुमची शंका, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबण्याची, या गोळ्यांबाबत रास्त आहे. कातडीवरच्या मलमांबाबत ती तितकी लागू नाही. मेडिकलवाल्यानं परस्पर दिल्या तर घेऊ नका.

म्हणून माझा क्रम असा : आधी आठ-दहा आठवडे क्रीम पुरेसं, मलम मापानं, खाणं पूर्ववत. त्याआधी आणि नंतर चट्ट्यांचे फोटो काढून ठेवा, रात्री किती वेळा उठते ते वहीत लिहा. हे सगळं नीट करूनही फरक पडला नाही तर बेळगावला त्याच डॉक्टरांकडं, किंवा खर्च झेपत नसेल तर बिम्सच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग ओपीडीत, ती वही घेऊन जा आणि विचारा : अतिनील किरणांचा उपचार हिला चालेल का? पोटातून देण्याची जुनी, स्वस्त औषधं कोणती, आणि त्यांना कोणत्या तपासण्या लागतात? इंजेक्शन हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तेव्हा तो विचारायला लाजू नका.

घोंगडीचं राहिलंच. ती आजीच्या कुशीत, एका घोंगडीत झोपते असं लिहिलंय. लोकर इसबाच्या कातडीला टोचते, म्हणजे रात्रभर तोच निरोप चालू. आजीपासून तिला तोडू नका. घोंगडी वर राहू दे, तिच्या अंगाला लागेल ती सुती वाकळ, आणि आत लांब बाह्यांचा सुती कपडा.

शाळेत तिला मागं वेगळं बसवलंय, ते थांबलं पाहिजे. इसब शिवल्यानं, एका डब्यात खाल्ल्यानं कुणाला लागत नाही. डॉक्टरांकडून तसं दोन ओळींत लिहून घ्या, मराठीत आणि कन्नडमध्येही, आणि मुख्याध्यापकांना स्वतः भेटून द्या.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. चट्ट्यांवर अचानक एकसारखे पाण्याचे छोटे फोड उठले, ते फुटून खड्डे पडल्यासारखे दिसले, जोडीला ताप आणि दुखणं असेल, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि त्याला त्याच दिवशी औषध लागतं. डोळ्याजवळ आले तर त्याहून तातडीनं. पिवळा पू, पसरती लाली आणि ताप आला तरीही तसंच. अशा वेळी मलम लावून सकाळची वाट पाहू नका, बेळगावला घेऊन निघा.